पाहुणघराची शिकवणी

करंजमाळ महाविद्यालयाच्या स्वागतभवनात शिरताना दोन गोष्टी कराव्या लागत. चपला बाहेर काढायच्या आणि तोंडावरची ओली पट्टी गळ्यात उतरवायची. चपलांचं कारण कुणी विचारत नसे. पट्टीचं मात्र प्रत्येक नवा पालक विचारी, कारण त्या काळात सोलापूर जिल्ह्यात उन्हाळाभर उघड्या तोंडाने कुणी फिरत नसे. पोरंसोरंसुद्धा पट्टी बांधल्याशिवाय अंगणात जात नसत. दारावरचा रखवालदार सांगे, "भिंतीला तुमचा श्वास लागतो. त्याबिगर ती गार व्हायची न्हाई." पालक हसत. मग ते दहा पावलं आत जात आणि हसू थांबे. भिंतीतून गार हवेची झुळूक निघून नेमकी त्यांच्याच तोंडावर येई. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या बायकोला ती लागत नसे. ज्याचा श्वास त्याची झुळूक, असा तिथला कारभार होता.

हे सगळं ताप-कायद्यामुळे घडलं. गारवा देणारी यंत्रं खोलीतली उष्णता उचलून बाहेर फेकतात, एवढंच करतात. सगळ्यांनीच ती बाहेर फेकायला सुरुवात केल्यावर बाहेर म्हणून काही जागाच उरली नाही. शहरं स्वतःच्या धगीत भाजू लागली, आणि शेवटी सरकारने सार्वजनिक इमारतीत असलं यंत्र दिवसा चालवायला बंदी केली. काचेच्या इमारती वर्षभरात ओस पडल्या. ज्या वास्तुविशारदांनी त्या बांधल्या होत्या ते समित्यांवर गेले आणि टिकाऊ बांधकामावर भाषणं देऊ लागले.

डॉ. शाल्मली हुपरीकर समितीवर गेली नाही. ती आधी वास्तुरचना शिकली होती, मग जिवाणूशास्त्र, त्यामुळे दोन्हीकडचे लोक तिला दुसऱ्या खात्यातली समजत. तिने काढलेल्या वस्तूचं नाव होतं जिता चुना. दिसायला तो साधा, बैलाच्या घाणीवर दळलेला चुना. गूळ, हिरड्याचं पाणी, बेलाचा गर घालून आंबवलेला, शेकडो वर्षं आपल्याकडे वापरला जाणारा. फरक इतकाच की त्यात एका जातीचे जिवाणू मिसळलेले असत. माणसाच्या श्वासाची ऊब आणि ओल लागली की हे जिवाणू आकसत, आणि त्या जागची बारीक छिद्रं उघडत. भिंतीमागे पोकळी होती, पोकळीखाली जमिनीत तीन पुरुष खोल दगडी चर, आणि चरात गार हवा. छिद्र उघडलं की ती वर येई.

पण जमिनीतला गारवासुद्धा पुरवून वापरावा लागतो. सगळी छिद्रं एकदम उघडली तर तासाभरात चर रिकामा. म्हणून भिंतीला आधीच कळायला हवं की आलेला माणूस कुठून चालणार, कुठे टेकणार, कुठे त्याला जास्त उकडणार. हे तिला शिकवावं लागे, आणि शिकवायला पहिले शंभर दिवसच मिळत. चुन्याचा स्वभाव तसा आहे. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला एक वायू उडून जातो. भिंतीवर लावलेला चुना तोच वायू हवेतून हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. आपण श्वास सोडतो त्यातही तोच वायू असतो. तेव्हा ओल्या भिंतीसमोर जो माणूस रोज श्वास टाकेल, त्याच्या श्वासाने चुना दगड होऊन बसेल, आणि छिद्रांची उघडझाप त्याच्या चालीप्रमाणे पक्की होईल. दहा माणसं एकदम चालवली की चुना गोंधळतो, काहीच धड शिकत नाही. म्हणून माणूस एकच लागे. शाल्मलीच्या कागदपत्रांत त्याला 'प्रशिक्षक' म्हटलं होतं. कामावरचे गवंडी 'पाहुणा' म्हणत, आणि त्या भवनाला पाहुणघर.

पहिली पाहुणी होती सुगलाबाई, मुख्य गवंडी सिद्रामची बायको.

ती सूचना सिद्रामचीच. तीस वर्षं चुना कालवून सुगलाची छाती बसली होती. घमेलं उचललं की तिला धाप लागे, आणि घरी बस म्हटलं तर ती ऐकत नसे. वाडीपासून कामापर्यंत दोन कोस वाट होती. सिद्राम थापीरंध्याची पिशवी खांद्याला अडकवून पुढे चाले, सुगला दहाबारा पावलं मागून. त्यांच्याकडे नवरा पुढे आणि बायको मागे अशीच रीत होती, आणि चौतीस वर्षांत दोघांनी ती कधी मोडली नव्हती. अर्ध्या वाटेवर एक बाभूळ होती. तिथे सिद्राम थांबे, मानेवरचा टॉवेल उचलून मान पुसे, एकदा मागे वळून बघे, आणि सुगला जवळ आली की पुन्हा चालू लागे. तुझ्यासाठी थांबलोय असं तो कधी म्हणाला नाही. थांबा असं तीही कधी म्हणाली नाही.

तर शिकवणीसाठी माणूस हवा म्हटल्यावर त्याने शाल्मलीला विचारलं, हिला द्याल का हे काम? दारातून आत यायचं, ओसरीवरून चालायचं, तिसऱ्या खांबापाशी बाकावर टेकायचं, उठून पलीकडच्या दाराने बाहेर. दिवसातून चाळीस खेपा, आणि ओझं काही नाही. शाल्मलीला ते पटलं. सगळ्यांनाच पटलं. साऱ्या कामावरचं सगळ्यात हलकं काम सगळ्यात आजारी बाईला द्यावं, यात गैर ते काय? त्या इमारतीतलं सगळ्यात मोठं काम तेच होतं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सुगलाने शंभर दिवस पुरे केले. पाहुणी म्हणून मिरवली, रोज धुतलेलं लुगडं नेसून आली, गवंड्यांच्या बायकांनी तिची थट्टा केली तेव्हा लाजली. त्यानंतर अकराव्या दिवशी ती तालुक्याच्या दवाखान्यात वारली. सिद्राम तेव्हा परांचीवर होता, वरची कमान पुरी करत होता. निरोप आला तेव्हा हातातला गिलावा ओला होता, तो वाळू द्यायचा नसतो म्हणून त्याने तो आधी लावून संपवला. ही गोष्ट त्याने पुढे कुणालाही सांगितली नाही.

जूनमध्ये महाविद्यालय सुरू झालं आणि पाहुणघराचं नाव झालं. बाहेर सेहेचाळीस अंश, आत अठ्ठावीस, आणि विजेचा एक दिवाही नाही. लांबून लोक बघायला आले. साहजिकच मुलंही सारी दुपार तिथेच पडून असत. अभ्यास, डबे, भांडणं, सगळं तिथेच. सिद्रामला भवनाची देखभाल मिळाली. दर पंधरवड्याला जिवाणूंना गुळाचं पाणी द्यावं लागे, त्याला पाजणी म्हणत. मागच्या अंगाला हौद होता, तिथून मातीच्या नळ्यांतून ते पाणी भिंतीत जाई. सिद्राम मागूनच येई आणि मागूनच जाई. पुढच्या दाराने तो एकदाही आत गेला नाही. विचारलं तर म्हणे, काम मागं असतंय, पुढं जाऊन काय करू? खरं कारण असं की पाजणीनंतर तो भिंतीला कान लावून बसे, आणि आत काय चाललंय ते त्याला पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

बाकीच्यांना कळायला ऑक्टोबर उजाडला. आरोग्य तपासणीत पहिल्या वर्षाची तीनशे मुलं होती, त्यातली दोनशेहून अधिक मुलं मिनिटाला अठ्ठावीस श्वास घेत होती. निवांत बसल्या जागी. निरोगी माणसाला चौदा-पंधरा पुरतात. छात्या तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. कुणी धुळीला दोष दिला, कुणी परीक्षेला. शाल्मलीने मुलांच्या बसण्याउठण्याची नोंद मागवली आणि तिच्या लक्षात आलं की जितका वेळ पाहुणघरात, तितकी धाप जास्त.

एका दुपारी तिने भवन रिकामं करवलं, तिसऱ्या खांबापाशी उदबत्ती लावली आणि सिद्रामला बोलावणं धाडलं. पुढच्या दाराने यायला तो तयार नव्हता, म्हणून मागच्या खिडकीत उभा राहिला. उदबत्तीचा धूर सरळ वर जात नव्हता. भिंतीतून येणारी हवा त्याला ढकलत होती, सोडत होती, पुन्हा ढकलत होती. आखूड, घाईघाईने.

"सातव्याला थांबंल बगा आता," सिद्राम म्हणाला.

सातव्या झुळुकीला धूर थांबला. मग एक मोठा, ओढल्यासारखा झोत आला, आणि पुन्हा आखूड झुळुका सुरू झाल्या. शाल्मलीने तीनदा मोजलं. तीनदा तेच.

"तुम्हाला कसं माहीत, मामा?"

"चौतीस वर्सं शेजारी निजलोय, बाई."

शाल्मली बाकावर बसली. ते भय होतं की लाज, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. जे घडलं ते तिला चटकन उमगलं, कारण त्यामागचं शास्त्र तिचंच होतं. पाहुणा असाच श्वास घेतो असं भिंतीला शिकवलेलं होतं; म्हणून जो कुणी आत येई त्याला ती सुगलाच्या धापेच्या ठेक्यावर हवा देई. आणि माणसाचा श्वास शेजारच्या ठेक्याला फार लवकर जुळतो. एकत्र ओझं ओढणाऱ्या हमालांचा जुळतो, जात्यावर बसलेल्या दोघींचा जुळतो. मुलं दिवसाचे पाचपाच तास त्या भिंतीला टेकून बसत होती. भिंत मुलांच्या श्वासाने चालत नव्हती. मुलंच भिंतीच्या श्वासाने चालू लागली होती. तिने हे सिद्रामला सोप्या शब्दांत समजावून सांगितलं. चुना श्वास घेऊन दगड होतो तेही सांगितलं.

"म्हंजी ती आत हाय म्हना की," सिद्राम म्हणाला.

"ती नाही, मामा. तिची सवय आहे फक्त."

"मानूस म्हंजी दुसरं काय असतंय?"

शाल्मलीने उपाय सांगितला. मोरचुदाचं पाणी भिंतीत सोडलं की जिवाणू मरतात. मग गिलावा खरवडून नवा करायचा. मोरचूद किती तीव्र लागेल, नळ्यांतून कुठे कुठे पोचेल, हे सिद्रामशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तिने त्याला हे काम करायला सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज उतरला. त्याने आठ दिवस मागून घेतले. ते तिने दिले, मात्र तोवर भवन मुलांना बंद राहील असं बजावलं.

त्या आठ दिवसांत त्याने मोरचूद आणला नाही. उलट दोनदा पाजणी केली, आणि गूळ नेहमीपेक्षा जास्त घातला, कारण ताजा गूळ मिळाला की भिंत रिकाम्या भवनातही श्वास घेई. भिंतीला कान लावला की आतून तो ओळखीचा श्वास येई. दमलेला, तक्रार न करणारा. दवाखान्यात तो तिच्यापाशी नव्हता. इथे त्याला रोज तिच्यापाशी बसता येत होतं. हे सोडायला तो काही केल्या तयार नव्हता, आणि स्वतःशी का होईना, त्याने ते कबूल केलं होतं. एका भिंतीपायी पोरं काही मरत नाहीत, तिथे बसू नका म्हटलं की झालं, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

सातव्या दिवशी तेजल बिराजदार हौदाच्या कट्ट्यावर येऊन बसली. अक्कलकोटकडची पोर, पळण्यात जिल्ह्यात पहिली आलेली, त्याच जोरावर तिला इथे प्रवेश मिळाला होता. सिद्राम गूळ फोडत होता. भवन बंद असल्याने कुठे बसावं ते सुचत नाही, म्हणून आले, असं ती म्हणाली. मग आपणहून बोलत राहिली. आठशे मीटरला गेल्या आठवड्यात ती निम्म्यातच थांबली होती. आता जिना चढतानाही मधे थांबावं लागतं. डॉक्टर म्हणतात छाती साफ आहे, मनाचे खेळ आहेत. आई म्हणते, वसतिगृहात राहून नाटकं शिकलीस.

"खरंच काही झालं नाहीये ना मला, मामा? मला तर वाटतं मी म्हातारी झालेय."

सिद्राम ऐकत होता, पण शब्द नव्हे. तो मोजत होता. पाच, सहा, सात. सातव्याला तेजल थांबली आणि घशातल्या घशात खोकली. सुगला तशी खोके, मुकादमाला ऐकू जाऊ नये म्हणून दाबून. एकोणीस वर्षांची पोर, जिला कुणापासून काही लपवायचं नव्हतं, तीही तसंच दाबून खोकत होती.

त्याच्या हातातला गुळाचा खडा तसाच राहिला. मग तो त्याने तिला खायला दिला, आणि काही झालेलं नाही, महिन्याभरात पहिल्यासारखी पळशील असं सांगितलं. ती गेल्यावर त्याने शाल्मलीला निरोप पाठवला की उद्या सकाळी मोरचूद कालवतो.

भिंत मरायला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी धाप वाढली, नंतर झुळुका विरळ होत गेल्या. सिद्राम मागच्या अंगाला बसून होता. शाल्मली दोनदा येऊन चहा ठेवून गेली. चहा तसाच निवला. दुसऱ्या दिवशी ऊन कलताना आवाज थांबला. त्याने आणखी थोडा वेळ कान लावून ठेवला, मग उठून हात धुतले. खरवडलेला चुना टाकून द्यायचा होता. त्यातला एक घमेलंभर त्याने वाटेवरच्या बाभळीखाली नेऊन पुरला.

नवा गिलावा झाला आणि प्रश्न उभा राहिला की या खेपेला पाहुणा कोण. शाल्मलीने आता कसून अटी घातल्या. छाती निर्दोष हवी, चाल सरळ हवी, आणि ज्याने जुन्या भवनाचा श्वास घेतला असेल असा माणूस अजिबात नको. विद्यार्थी बाद झाले. शिक्षक बाद झाले; तेही दुपारी तिथेच येऊन बसत. ती स्वतःही बाद झाली. पुढच्या दाराने कधीही आत न गेलेला माणूस त्या आवारात एकच होता, आणि तो बसे त्या मागच्या अंगाला झुळूक येत नसे. त्याची तपासणी केली. साठी उलटलेली, पण फुफ्फुसं विशीतली. परांचीवर उंच मोकळ्या हवेत काम करणाऱ्यांची असतात तशी. मिनिटाला चौदा श्वास, घड्याळ लावून घ्यावेत असे.

कागदावर हे सारं चोख होतं. पण खरं सांगायचं तर शाल्मलीच्या मनात आणखी एक गोष्ट होती. तिने या माणसाला जे करायला लावलं होतं ते तिला खात होतं. त्या भवनात त्याचं काहीतरी राहावं, अपराधाखेरीज दुसरं काही, असं तिला वाटत होतं. तिने तसं त्याला बोलूनही दाखवलं. सिद्राम बरं म्हणाला.

पहिल्या दिवशी तो पुढच्या दारात धुतलेला सदरा घालून आला आणि उंबऱ्यापाशी अडला.

"पावना कसा चालतो, बाई?"

"तसं काही नसतं, मामा. मुद्दाम काही करू नका. रोज चालता तसे चाला."

त्याने शंभर दिवस तेच केलं. चाळीस खेपा, एकही चुकवली नाही. रडू आलं तर काय, असं त्याने सुरुवातीला विचारलं होतं. आलं तर बाहेर जा, असं तिने सांगितलं होतं. तो दोनदाच गेला. शाल्मली टेबलापाशी बसून श्वास मोजणाऱ्या यंत्रावरचे आकडे बघे. चौदा, चौदा, पंधरा, चौदा. कुठे धाप नाही, कुठे अडखळणं नाही. शंभराव्या दिवशी तिने त्याचे हात हातात घेतले. आपण एक गोष्ट नीट केली, असं त्यालाही फार दिवसांनी वाटलं.

जूनमध्ये नवी तीनशे मुलं आली. पहिल्या दिवशी सिद्राम दाराबाहेर निंबाखाली उभा राहून बघत होता. मुलांच्या चपला निघाल्या, पट्ट्या उतरल्या, झुळुका सुटल्या. सगळं व्यवस्थित होतं. एक मुलगी आई-वडिलांबरोबर आत गेली. आई डावीकडे, बाप उजवीकडे, धाकटा भाऊ पुढे पळत. तिसऱ्या खांबापाशी मुलगी थांबली. तिचा हात मानेमागे गेला. तिने वळून दाराकडे बघितलं, क्षणभर बघत राहिली, आणि मग चालू लागली.

काय गं, काय राहिलं, असं आईने विचारलं.

"काही नाही. कुणीतरी मागे राहिल्यासारखं वाटलं."

तिच्यामागून एक उंच मुलगा आला. तोही तिसऱ्या खांबापाशी थांबला, त्याचाही हात मानेमागे गेला, त्यानेही वळून दाराकडे बघितलं. मग त्याच्या मागचा. मग जोडीने आलेल्या दोघी, बोलता बोलता थांबून, एकदमच. सिद्राम झाडाला टेकला. मुलं जिकडे बघत होती तिकडे, त्याच्या पाठीमागे, त्यानेही वळून पाहिलं. फाटकापर्यंतचा रस्ता मोकळा होता.

त्याच क्षणी त्याला कळलं, पण त्याने महिनाभर कुणाला सांगितलं नाही. कदाचित पहिल्या दिवसांचं असेल, जाईल, अशी आशा त्याने धरली होती. शाल्मलीचे आकडे उत्तम होते. तपासणीत तीनशेच्या तीनशे मुलं ठणठणीत निघाली. तेजल पुन्हा पळू लागली होती. समितीने अहवाल स्वीकारला आणि आणखी चार ठिकाणी असंच भवन बांधायची शिफारस केली. तिथे सिद्रामनेच शिकवणी द्यावी असंही लिहिलं. फक्त दोन किरकोळ गोष्टी होत्या. वसतिगृहाच्या रेक्टरबाई म्हणाल्या की यंदाची मुलं फार हळवी आहेत, दिवसातून चारदा घरी फोन करतात, सगळे नीट आहात ना, कुणी आजारी नाही ना, एवढंच विचारतात आणि ठेवतात. आणि पाहुणघरातले बाक कुणीतरी फिरवले होते. शाल्मलीने ते भिंतीकडे तोंड करून मांडायला सांगितले, तर दोन दिवसांत सगळे पुन्हा दाराकडे तोंड करून उभे.

दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा सिद्राम तिच्याकडे गेला. या खेपेला पुढच्या दाराने गेला. हातात रिकामी बादली होती. शाल्मली तिसऱ्या खांबापाशी बाकावर बसली होती. दुपारची वेळ, आजूबाजूला पन्नासेक मुलं, आणि एवढी मुलं असून कलकल नव्हती.

त्याने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. वाडीची वाट, बाभूळ, मानेवरचा टॉवेल. आपण इथे थांबलो हे त्याला शंभर दिवसांत एकदाही जाणवलं नव्हतं. चौतीस वर्षांची सवय, ती पायांना ठाऊक असते, माणसाला नाही. त्याने मान पुसली तिथे भिंतीने मानेवर गारवा धरायला शिकून घेतलं. त्याने तोंड वळवून श्वास टाकला, तिथे ती दाराच्या बाजूने झुळूक सोडायला शिकली. आणि एवढ्या उन्हातून आलेल्या माणसाचं तोंड गारव्याकडे आपोआप वळतं, त्यासाठी त्याला विचार करावा लागत नाही; आणि तोंड वळलं की मनही मागे कुणाला तरी शोधू लागतं. यंत्र श्वास मोजत होतं. तोंड कुठे वळलं ते यंत्राने मोजलं नव्हतं.

"ती मागं हाय का न्हाई ते बगत व्हतो, बाई. आता ही समदी बगत्यात."

शाल्मलीने ऐकून घेतलं. तिच्या मनात आलं की अहवालात लिहायचं तरी काय? श्वास चौदा, नाडी उत्तम, भूक झोप व्यवस्थित. वाट बघणं हा आजार म्हणून कुठल्या तक्त्यात लिहिलेला नाही. पण तीनशे मुलं, उद्या आणखी चार भवनं झाली की दीड हजार, ज्यांचं कुणीही गेलेलं नाही आणि ज्यांना आयुष्यभर कुणीतरी येईल असं वाटत राहणार. ही मुलं नोकरीला लागतील, लग्नं करतील, आणि भरल्या घरात दाराकडे तोंड करून बसतील. हे थांबवायला हवं, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

"मोरचूद कालवू का?" सिद्रामने विचारलं. त्याचा आवाज स्थिर होता. तो ठरवून आला होता.

शाल्मली हो म्हणणार होती. तिने तोंड उघडलं, आणि तिचा हात मानेमागे गेला. दारातून पांढरं ऊन आत आलं होतं, उंबऱ्याबाहेर चपलांची रांग होती, रस्त्यावर कुणी नव्हतं. ती बराच वेळ तिकडेच बघत राहिली.

"थांबा थोडं, मामा," ती म्हणाली. "अजून कुणीतरी यायचं राहिलंय."

पन्नास मुलांनी दाराकडे बघितलं. सिद्रामने बादली खाली ठेवली आणि तो तिच्याशेजारी बाकावर बसला.